क्लार्क : एका शब्दाचा इतिहास

लग्नाच्या बैठकीत मुलाची माहिती सांगताना एक वाक्य हमखास कानी पडते : "मुलगा ऑफिसात आहे." ऑफिस कोणते, तेही सांगितले जाते, थोडे आढेवेढे घेऊन पगारही सांगितला जातो. पण हुद्दा विचारला की सांगणाऱ्याचा आवाज जरा खाली येतो. "सध्या क्लार्कच आहे, पण परीक्षा देतो आहे." या वाक्यातला 'च' आणि 'पण' हे दोन्ही विचार करण्यासारखे आहेत. मुलगा शिकलेला आहे, कष्टाचे खातो आहे, कोणाचे देणे लागत नाही. तरीही त्याच्या कामाचे नाव घेताना घरच्यांना संकोच वाटतो. हा संकोच आला कोठून, याचा शोध घ्यावा म्हणून आम्ही आज हा एकच शब्द श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

हा शब्द मुळात इंग्रजांचा. आणि नवल असे, की त्यांच्याकडे त्याचा एकच एक अर्थ नाही. ब्रिटिश पार्लमेंटाच्या कॉमन्स सभागृहात सभापतींच्या पुढच्या मेजाशी जो सर्वांत वरिष्ठ अधिकारी बसतो, ज्याचा सल्ला घेतल्याशिवाय कामकाजाच्या नियमांचा पेच सहसा सोडवला जात नाही, त्याच्या पदाचे नाव 'क्लार्क ऑफ द हाउस'. बांधकामावर मालकाच्या वतीने देखरेख करणारा तो 'क्लार्क ऑफ वर्क्स'. घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी मैदानाची व्यवस्था पाहणारा 'क्लार्क ऑफ द कोर्स'. अमेरिकेत दुकानात उभा राहून माल विकणारा क्लार्क, हॉटेलात खोलीची किल्ली हाती देणारा क्लार्क, आणि तेथल्या सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींना निकालपत्राची टिपणे काढून देणारा बुद्धिमान तरुण वकील तोही क्लार्कच. आमच्याकडे मात्र या शब्दाचा एकच माणूस उरला : फायलींच्या ढिगामागे बसलेला, अर्ज घेणारा आणि उद्या या म्हणणारा. एकाच शब्दाला इतकी नाना रूपे कशी आली?

मुळापासून पाहू. ग्रीक भाषेत 'क्लेरोस' म्हणजे चिठ्ठी टाकून वाट्याला आलेला हिस्सा, वतन. बायबलाच्या जुन्या करारात लेवी नावाच्या पुरोहित-वंशाला जमिनीचा वाटा दिलेला नाही. परमेश्वर हाच त्यांचा वाटा असे म्हटले आहे. त्यावरून देवाच्या सेवेला वाहून घेतलेला तो 'क्लेरिकस' असा लॅटिन शब्द ख्रिस्ती धर्मसंस्थेत रूढ झाला, आणि त्यापासून इंग्रजी 'क्लार्क' निघाला. म्हणजे आरंभी क्लार्क हा धर्मोपदेशक होता. आजही इंग्रजीत 'क्लेरिकल' या विशेषणाचे दोन अर्थ आहेत. एक धर्मगुरूंसंबंधीचा आणि दुसरा कारकुनीचा. शब्दाच्या पोटात जुने घर अजून शिल्लक आहे, ते असे.

मध्ययुगीन युरोपात लिहिणे-वाचणे जवळजवळ सगळे धर्मसंस्थेच्या हाती होते. राजाला पत्र पाठवायचे असो, सरदाराला जमिनीची सनद करून द्यायची असो, लेखणी हाती धरणारा माणूस मठातून किंवा चर्चमधून येई. त्यामुळे धर्मोपदेशक तो साक्षर आणि साक्षर तो धर्मोपदेशक, असे समीकरण झाले. हळूहळू 'क्लार्क' म्हणजे शिकलेला माणूस, पंडित, विद्यार्थी असाही अर्थ प्रचारात आला. चॉसर कवीने चौदाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये जो ऑक्सफर्डचा क्लार्क आहे, तो पुस्तकांवर जीव टाकणारा, अंगाने वाळलेला विद्यार्थी आहे. कचेरीतला नोकर नव्हे. आणि हाच चॉसर स्वतः 1389 ते 1391 या काळात राजाच्या बांधकामांचा क्लार्क होता. वेस्टमिन्स्टरचा राजवाडा आणि लंडनचा टॉवर अशा वास्तूंच्या दुरुस्तीचा खर्च त्याच्या हातून होई. फ्रेंच भाषेत जुना अर्थ फार काळ टिकला. ज्युलियाँ बेंदा याने 1927 मध्ये विचारवंतांच्या अधःपातावर जे प्रसिद्ध पुस्तक लिहिले, त्याच्या नावात विचारवंतांसाठी त्याने 'क्लेर' हाच शब्द योजला आहे.

या साक्षरतेला केवळ मान नव्हता, तिच्या पाठीशी कायदाही उभा होता. धर्मोपदेशकांचे गुन्हे राजाच्या न्यायालयाने चालवावेत की धर्मसंस्थेच्या, या प्रश्नावरून दुसरा हेन्री राजा आणि आर्चबिशप टॉमस बेकेट यांचे हाडवैर झाले, आणि 1170 च्या डिसेंबरात कँटरबरीच्या चर्चमध्येच बेकेटचा खून पडला. त्या खुनानंतर राजाला माघार घ्यावी लागली, आणि धर्मोपदेशकाला फाशीची शिक्षा देणाऱ्या राजाच्या न्यायालयातून सुटण्याचा मार्ग मोकळा झाला. आता आरोपी खरोखर धर्मोपदेशक आहे हे ओळखायचे कसे? तर त्याला वाचता येते का, ते पाहायचे! बायबलातील एक्कावन्नाव्या स्तोत्राचा पहिला चरण, देवापाशी दयेची याचना करणारा, त्याच्यापुढे ठेवीत. तो वाचला की मान वाचली. लोक त्या चरणाला 'मानेचा श्लोक' म्हणू लागले. पुढे वाचता येणारा कोणीही या सवलतीवर हक्क सांगू लागला. तेव्हा 1489 मध्ये कायदा झाला, की खऱ्या धर्मोपदेशकाखेरीज इतरांना ही सवलत आयुष्यात एकदाच मिळेल, आणि ती घेतल्याची खूण म्हणून अंगठ्यावर डाग दिला जाईल. नाटककार बेन जॉन्सन याने 1598 मध्ये द्वंद्वात गॅब्रिएल स्पेन्सर नावाच्या नटाला ठार केले. तो फासावर जायचा. पण वाचता येत होते म्हणून अंगठ्यावरच्या डागावर सुटला. ज्याला अक्षरओळख नव्हती, तो त्याच गुन्ह्यासाठी लटकला असता. स्त्रियांना धर्मोपदेशक होता येत नसे, म्हणून कित्येक शतके ही सवलत त्यांना नव्हतीच. सतराव्या शतकाच्या अखेरीस ती त्यांना पुरुषांच्या बरोबरीने मिळाली. 1706 मध्ये वाचनाची परीक्षा रद्द झाली आणि 1827 मध्ये सगळी पद्धतच कायद्याने मोडली.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'क्लार्क' या शब्दाला त्या काळी जे तेज होते, ते लिहिण्याच्या कामाचे होते, की इतरांना लिहिता येत नव्हते त्याचे? पुढचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो.

सोळाव्या-सतराव्या शतकांत छापखाना पसरला, शाळा वाढल्या, व्यापार वाढला. चर्चशी काही संबंध नसलेली माणसे लिहू लागली आणि सावकाराच्या, वकिलाच्या, व्यापाऱ्याच्या पेढीवर लिहिणाऱ्यांची गरज पडू लागली. आमच्याशी या शब्दाचा संबंध आला तो याच वाटेने. ईस्ट इंडिया कंपनी हिंदुस्थानात आपली तरुण माणसे पाठवी, ती 'रायटर' या हुद्द्यावर. रायटर म्हणजे शब्दशः लिहिणारा : पत्रांच्या नकला करणारा, वखारीतील मालाची यादी ठेवणारा. रायटर, मग फॅक्टर, मग धाकटा व्यापारी, मग थोरला व्यापारी अशी ती पायरी होती. 1744 मध्ये रॉबर्ट क्लाइव्ह मद्रासला उतरला, तो वर्षाला पाच पौंड पगाराचा रायटर म्हणून. तेरा वर्षांनी प्लासी झाली. कलकत्त्याची 'रायटर्स बिल्डिंग' याच लिहिणाऱ्यांसाठी 1777 पासून उभी राहू लागली. बंगालची सत्ता जिथून चालली त्या वास्तूला नाव मिळाले ते कारकुनांचे.

लंडनमध्ये कंपनीच्या मुख्य कचेरीत तर नामांकित माणसे क्लार्क होती. निबंधकार चार्ल्स लँब 1792 पासून 1825 पर्यंत तेथे हिशेबाच्या वह्या लिहीत होता. त्याचे निबंध त्या तेहतीस वर्षांतून उरलेल्या संध्याकाळचे आहेत. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल 1823 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तेथेच क्लार्क म्हणून चिकटला आणि 1858 मध्ये कंपनीचा कारभार संपेपर्यंत राहिला. हिंदुस्थानला पाठवायच्या खलित्यांचे मसुदे तो करी. ज्या देशाबद्दल त्याने आयुष्यभर लिहिले, त्या देशात त्याने पाऊल ठेवले नाही. मिलला क्लार्क म्हणवून घेण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते, कारण तेव्हा विचार करणे आणि लिहिणे ही एकाच मेजावरची कामे होती.

ती वेगळी झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. 1854 मध्ये सर स्टॅफर्ड नॉर्थकोट आणि सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांचा सरकारी नोकऱ्यांविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. ट्रेव्हेलियन हा आधी कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात होता आणि मेकॉलेचा मेहुणा होता. वशिल्याने नोकऱ्या देण्याऐवजी परीक्षा घ्यावी ही त्या अहवालातली मोठी सूचना, आणि ती योग्यच होती. पण तिच्याबरोबर दुसरी एक सूचना होती : बुद्धीचे काम आणि यांत्रिक नकलेचे काम यांच्यासाठी वेगवेगळी माणसे वेगवेगळ्या परीक्षांनी निवडावीत. कालांतराने वरच्या वर्गाने 'अधिकारी' हे नाव घेतले. 'क्लार्क' हे नाव खालच्या वर्गाच्या वाट्याला राहिले. म्हणजे वाट्याला आलेल्या हिश्शावरून जो शब्द निघाला, त्याच्याच वाट्याला शेवटी नक्कल आली.

इंग्रजी साहित्यातही हा बदल उमटला आहे. डिकन्सच्या 1843 सालच्या नाताळ-कथेतला बॉब क्रॅचिट हा आठवड्याला पंधरा शिलिंग मिळवणारा, थंडीने कुडकुडणारा क्लार्क आहे. आणि तेव्हापासून क्लार्क म्हटला की वाचकाला दया येऊ लागली. 1870 मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने तारखाते ताब्यात घेतले, तेव्हा तारा पाठवणाऱ्या स्त्रिया सरकारी नोकरीत आल्या. 1874 पासून रेमिंग्टन कंपनीचे टंकयंत्र बाजारात आले, आणि कचेऱ्यांतून स्त्रियांची संख्या वाढू लागली. एके काळी ज्या शब्दाच्या सवलतीतून स्त्रियांना वगळले होते, त्या शब्दाच्या खुर्चीवर स्त्री बसली. मात्र ती बसली तेव्हा खुर्चीचा मान आणि पगार दोन्ही उतरलेले होते.

अमेरिकेत या शब्दाने वेगळी वाट धरली. तेथे त्याचा उच्चारही 'क्लर्क' असा करतात. आम्ही 'क्लार्क' म्हणतो, कारण आमच्यावर राज्य इंग्लंडने केले. अमेरिकेत दुकानदाराच्या हाताखालचा माणूस क्लर्क झाला. पण 1882 मध्ये न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी सुप्रीम कोर्टात कायदा शिकलेला एक तरुण मदतीला घेतला, आणि त्यातून 'लॉ क्लर्क'ची परंपरा सुरू झाली. बायरन व्हाइट, विल्यम रेन्क्विस्ट, जॉन रॉबर्ट्स हे तिघेही आधी असे क्लर्क होते आणि पुढे त्याच कोर्टाचे न्यायमूर्ती झाले. आमच्या सर्वोच्च न्यायालयातही न्यायमूर्तींच्या मदतीला आता 'लॉ क्लार्क' असतात.

आता आमच्या घरचे पाहू. 'कारकून' हा शब्द फारसी आहे. 'कार' म्हणजे काम आणि 'कुन' म्हणजे करणारा. काम करणारा तो कारकून, इतका सरळ अर्थ. आमच्या आडनावांतला 'नीस' हाही फारसीतून आलेला लिहिणारा आहे : चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे अक्षर आणि इमान दोन्ही इतिहासाला माहीत आहेत. फडणीस म्हणजे हिशेबाची फर्द लिहिणारा. पण बारभाईच्या कारभारापासून 1800 मध्ये मृत्यू येईपर्यंत पुण्याचे राजकारण ज्या एका माणसाभोवती फिरले, तो नाना हा फडणीसच होता. त्याहून मागे गेले तर 'ज्ञानेश्वरी' लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा आहेत, आणि तुकोबांचे अभंग उतरून ठेवणारे संताजी जगनाडे आहेत. त्या लिहिणाऱ्या हातांचे ऋण मराठी माणसाने कधी नाकारलेले नाही.

मग 'खर्डेघाशी' आणि 'कारकुंडा' हे शब्द आमच्या तोंडी कसे आले? सर्वसाधारण समज असा, की मेकॉलेने आमच्या पोरांना कारकून केले. मेकॉलेच्या 2 फेब्रुवारी 1835 च्या टिपणात मागणी आहे ती राज्यकर्ते आणि कोट्यवधी प्रजा यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या वर्गाची. 1844 मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंज यांनी इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत प्राधान्य देण्याचा ठराव केला, आणि शाळेचा रस्ता कचेरीशी जोडला गेला. वरच्या जागा गोऱ्यांच्या, खालच्या आमच्या. वर चढण्याची वाट अरुंद. इंग्लंडात बुद्धी आणि नक्कल यांची जी फाळणी झाली, तिला येथे रंगाची जोड मिळाली. कारकुनाचा उपहास हा पुष्कळसा या कोंडमाऱ्याचा उपहास होता.

परंतु एवढ्यावर थांबले तर आम्ही अर्धेच सांगितल्यासारखे होईल. आमच्याकडेही लेखणी सगळ्यांच्या हाती नव्हती. ती ठराविक जातींच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. कुलकर्ण्याने काय लिहिले हे शेतकऱ्याला वाचता येत नसे. त्याच्यापुढे कागद ठेवला की तो अंगठा उठवी. 'गुलामगिरी' 1873 मध्ये आणि 'शेतकऱ्याचा असूड' त्यानंतर दहा वर्षांनी लिहिताना जोतीराव फुल्यांनी या लेखणीच्या जुलमावर बोट ठेवले, आणि ते बोट दुखऱ्या जागीच होते. इंग्लंडात वाचता न येणाऱ्याची मान जाई. येथे वाचता न येणाऱ्याची जमीन जाई. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांनी या मक्तेदारीच्या मुळावरच घाव घातला. पुढे 1950 च्या कायद्याने मुंबई राज्यात कुलकर्णी वतने रद्द झाली.

आता मघाच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. क्लार्कच्या, कारकुनाच्या जुन्या मानात दोन गोष्टी मिसळलेल्या होत्या. एक मान दुर्मिळतेचा : मला लिहिता येते, तुला येत नाही. हा मान साक्षरतेबरोबर उतरणारच होता. शेतकऱ्याचा मुलगा आणि मोलकरणीची मुलगी आपला अर्ज आपण लिहू लागली, तेव्हा तो उतरला, आणि त्याबद्दल कोणीही हळहळू नये. शब्दाची किंमत कमी झाली, कारण विद्या वाटली गेली.

दुसरा मान विश्वासाचा. जे घडले ते जसेच्या तसे लिहीन, कोणाच्या बाजूने अक्षर वाकवणार नाही, आणि लिहिलेले सांभाळीन, या वचनाचा. कॉमन्स सभागृहात 1363 पासून क्लार्क आहे. आज तेथे प्रत्येक सभासदाला लिहिता-वाचता येते. तरी क्लार्कचा मान गेलेला नाही, कारण तो दुर्मिळतेवर उभाच नव्हता. सरकार कोणत्याही पक्षाचे येवो, नोंद त्याच्या हाती निर्धोक आहे एवढ्यावर तो उभा आहे. क्वेकर नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. त्यांच्या सभेला अध्यक्ष नसतो, मतदान नसते. एक क्लार्क असतो. तो सर्वांचे ऐकतो, सभेचा कल काय दिसतो ते लिहितो आणि तेथेच वाचून दाखवतो. सभेने मान्य केले तरच ते ठरले. त्याचे स्वतःचे मत त्या लिखाणात शिरले तर तो क्लार्क म्हणून नालायक ठरतो. लिहिणाऱ्याचा धर्म याहून स्पष्ट कोठे सांगितलेला आम्हांला आढळला नाही.

आणि ही गोष्ट दूरच्या पंथाची नाही, आमच्या दाराशीची आहे. सातबाऱ्यावर नावाचे एक अक्षर चुकते, क्षेत्राचा एक आकडा इकडचा तिकडे होतो, आणि दोन भावांची घरे वर्षानुवर्षे हेलपाटे घालतात. अशा चुकीला कायद्यात नाव आहे 'लेखनप्रमाद'. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, हिच्या कलम 155 मध्ये तिच्या दुरुस्तीची सोय आहे. इंग्रजीत त्याच चुकीला 'क्लेरिकल एरर' म्हणतात, म्हणजे क्लार्कची चूक. चूक झाली की त्याचे नाव घेतले जाते. हजारो नोंदी बिनचूक राहतात, तेव्हा कोणी घेत नाही.

अलीकडे हे नावच पुसण्याकडे कल आहे. बँकांच्या जाहिरातींत 'असोसिएट' असते, कोठे 'सहायक' असते. सातबारा संगणकावर निघतो, त्यावर डिजिटल सही असते. पत्राचा मसुदाही आता यंत्र करून देते. नाव बदलल्याने माणसाचा संकोच थोडा कमी होत असेल तर आमची तक्रार नाही. पण यंत्राने लिहिलेल्या नोंदीची जबाबदारी घेणारा कोणीतरी माणूस लागतोच, आणि तो इतिहासाने क्लार्क म्हणून ओळखलेलाच माणूस आहे.

1913 च्या जानेवारीत मद्रासच्या बंदर कचेरीतून एका तरुणाने केंब्रिजच्या प्राध्यापक हार्डी यांना पत्र लिहिले. सोबत गणिताची अनेक प्रमेये होती. आपली ओळख देताना त्याने लिहिले, की मी हिशेब खात्यात क्लार्क आहे, पगारही सांगितला. पुढे जगाने ज्याला श्रीनिवास रामानुजन म्हणून ओळखले, त्याने आपल्या हुद्द्यापुढे 'च'ही घातला नव्हता आणि 'पण'ही घातला नव्हता. पुढच्या बैठकीत मुलाची माहिती सांगताना आम्हीही ते दोन शब्द गाळून पाहावेत, एवढीच विनंती.